पहिला घाव आपल्या हाताने : शिल्पकार ब्रांकूश याची जीवनकथा

हॉलंडचे नाव आपल्या बेटावर कोणाला परके नाही. १५९८ साली डच खलाशी, म्हणजे आपल्या जुन्या कागदपत्रांतले वलंदेज, येथे उतरले आणि मॉरित्स या आपल्या राजपुत्राचे नाव त्यांनी बेटाला दिले. १७१० साली ते येथून गेले, नाव मात्र राहिले. त्याच हॉलंडच्या पूर्व भागात, ऱ्हाईन नदीच्या काठी, आर्नहेम नावाचे शहर आहे. आजची गोष्ट आम्ही तेथून सुरू करतो. पुढे ती रुमानियातल्या एका खेड्यात जाईल, पॅरिसला जाईल आणि मग मराठी राजाच्या इंदूरला येईल.

१९४४ च्या सप्टेंबरात आर्नहेमच्या पुलासाठी दोस्तांच्या आणि जर्मनांच्या फौजांत घनघोर लढाई झाली. शहराचा मोठा भाग जळाला, रहिवाशांना घरेदारे टाकून बाहेर पडावे लागले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९४९ साली, त्या पोळलेल्या शहराने एक निराळेच काम हाती घेतले. सोन्सबेक नावाच्या तेथल्या मोठ्या बागेत, झाडांखाली आणि हिरवळीवर, शिल्पकारांच्या मूर्ती मांडून लोकांना पाहायला बोलावले. हॉलंडच्या भूमीत दगड जवळजवळ नाहीच. दक्षिणेकडच्या लिंबुर्ग भागातला मऊ चुनखडक सोडला, तर घडाईचा दगड बाहेरून आणावा लागतो. अशा देशात उघड्यावरच्या मूर्तींची ही प्रदर्शने पुढेही अधूनमधून भरत राहिली आणि त्यांमुळे आर्नहेमचे नाव कलावंतांच्या तोंडी झाले.

१९५५ च्या प्रदर्शनाच्या वेळी रीटफेल्ड या डच वास्तुकाराने लहान मूर्तींसाठी बागेत एक मोकळी, मांडवासारखी इमारत बांधली होती. प्रदर्शन संपल्यावर ती उतरवली. १९६५ साली ती पुन्हा उभी राहिली ती आर्नहेमच्या वायव्येला, ओटर्लो गावाजवळच्या रानातल्या क्रोलर-म्यूलर संग्रहालयाच्या बागेत. आर्नहेमला गेलेला पाहुणा बहुधा हे संग्रहालयही पाहून येतो. तेथल्या संग्रहात ब्राँझचे एक झगझगीत अंडे आहे. डोळा नाही, नाक नाही, रेघही नाही. त्याचे नाव आहे ‘जगाचा आरंभ’, साल १९२४. हा आकार आधी संगमरवरात सापडला, ब्राँझमध्ये तो नंतर आला. आणि तो ज्याला सापडला, त्या कॉन्स्टन्टीन ब्रांकूश या शिल्पकाराने पुढे इंदूरच्या होळकर महाराजांसाठी दगडाचे दोन पक्षी घडवले. म्हणूनच त्याचे चरित्र आपल्या पानावर यावे असे आम्हाला वाटले.

ठोकळा आणि टाकी

चरित्राआधी थोडे दगडाविषयी सांगतो, कारण या माणसाचे सारे आयुष्य त्यातच आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी अजून पाटा-वरवंटा असेल, ज्याला आपण येथे रोश कारी म्हणतो. वापरून वापरून पाटा गुळगुळीत झाला की मसाला वाटला जात नाही. कोकणात अशा वेळी टाकी लावणारा माणूस दारावर यायचा आणि टाकीने पाट्यावर बारीक टोचे मारून तो पुन्हा खरबरीत करून द्यायचा. तीच टाकी मूर्तिकाराचेही पहिले हत्यार.

खाणीतून ठोकळा आला की पाथरवट आधी तो वाजवून पाहतो. हातोडीच्या टकटकीला खणखणीत आवाज आला तर दगड सलग आहे. बद्द आवाज आला तर आत कोठेतरी भेग आहे. मग तो दगड भिजवतो. वरचे पाणी सुकले तरी भेगेतली ओल रेघेसारखी दिसत राहते आणि लपलेली चीर सापडते. पारख झाली की ठोकळ्याच्या बाजूंवर कोळशाने बाह्यरेषा काढायची. जड हातोडा आणि जाड धारेची छिन्नी घेऊन कोपरे उडवायचे, तेव्हा मोठमोठे ढलपे निघतात. नंतर टोकदार टाकी तिरपी धरून शेतात सऱ्या पाडाव्यात तशा शेजारी शेजारी रेघा पाडत आत जायचे आणि मूर्तीच्या अंगाला बोटभर दगड शिल्लक राहिला की थांबायचे. येथपर्यंतचे काम म्हणजे ओबडधोबड घडण. त्यापुढे दातेरी छिन्नी, सपाट छिन्नी, कानस, आणि शेवटी पाणी घालून घासणे.

ओबडधोबड घडण हे काम दिसायला रांगडे, घामाचे आणि धुळीचे. पण मूर्तीचे बरेवाईट येथेच ठरते. जास्त दगड उडाला तर तो परत चिकटवता येत नाही. संगमरवरावर टाकी सरळ उभी धरून जोराने मारली, तर दगड आतून दुखावतो. त्या वेळी वरून काही कळत नाही. काही महिन्यांनी घासून घासून झिलई आली की त्या जागी पांढुरका डाग उमटतो, आणि तो काढायला गेले तर अंगच कमी करावे लागते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. ते खरे असले, तरी घाव घालणाऱ्या हाताला तो कोठे आणि किती घालायचा हे आधी ठाऊक असावे लागते.

आता गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले नामवंत शिल्पकार या घाव घालण्याच्या कामात सहसा पडत नसत. शिल्पकार मातीत मूर्ती करी. मातीवरून प्लास्टरची प्रत निघे. त्या प्रतीवर खुणेचे बिंदू ठरवून मापाच्या यंत्राने तेच बिंदू दगडात किती खोल आहेत हे मोजले जाई, आणि पगारी कारागीर तेवढा दगड काढून मूर्ती उतरवून देत. ऑग्यूस्त रोदँ हा त्या काळचा सर्वांत मोठा शिल्पकार. त्याच्या संगमरवरी मूर्तीही अशाच कारागिरांच्या हातून घडत. मूर्तीवर नाव शिल्पकाराचे येई. पहिला घाव कोणी घातला हे कोणी विचारत नसे. आपल्याकडेही मुंबईच्या कलाशाळेतून मातीकामाची ही युरोपीय पद्धत आली होती. गणपतराव म्हात्रे यांनी १८९६ साली ज्या ‘मंदिरपथगामिनी’ने नाव मिळवले, ती प्लास्टरचीच मूर्ती होती. म्हात्रे यांच्याच पिढीतल्या रुमानियाच्या एका पोराने ही रीत मोडली.

मेंढरांमागचे पोर

ब्रांकूशचा जन्म १९ फेब्रुवारी १८७६ रोजी झाला. गाव होबित्सा, रुमानियाच्या दक्षिण भागातल्या कार्पेथियन डोंगराच्या पायथ्याशी. घर गरीब शेतकऱ्याचे. लहानपणी तो मेंढरे राखायचा. त्या मुलुखात घरांची दारे, ओटीचे खांब, चमचे, पाळणे, सारे लाकडाचे आणि कोरीव. मेंढरांमागे फिरता फिरता मुले सुरीने लाकूड कोरीत, तसा तोही कोरू लागला.

अकराएक वर्षांचा असताना त्याने घर सोडले आणि क्रायोवा शहर गाठले. तेथे खाणावळीत आणि दुकानात त्याने वर्षानुवर्षे पडेल ते काम केले. असे सांगतात, की दुकानातल्या खोक्याच्या फळ्यांपासून त्याने एक व्हायोलिन बनवले, ते गावच्या मंडळींनी पाहिले, आणि या पोराला शाळेत घातले पाहिजे असे त्यांच्या मनात आले. १८९४ साली तो क्रायोवाच्या कलाकौशल्याच्या शाळेत गेला. तेथे त्याने मुख्यतः लाकूडकाम शिकून घेतले. १८९८ मध्ये तो राजधानी बुखारेस्टच्या कलाशाळेत दाखल झाला आणि १९०२ पर्यंत तेथे शिकला. गेरोटा नावाच्या शरीरशास्त्राच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने माणसाची एक मूर्ती केली, तिच्यात कातडी काढल्यावर दिसतात तसे सारे स्नायू दाखवले होते. ती इतकी बिनचूक होती की वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवायला तिच्या प्रती वापरल्या गेल्या. पुढे ज्याच्या मूर्तींना नाक-डोळे नाहीत म्हणून लोक हसले, त्याला नाक-डोळे करता येत नव्हते असे कोणी समजू नये, म्हणून ही गोष्ट सांगितली.

शिक्षण संपले, पण पॅरिसला जाण्याची ओढ लागली होती आणि खिशात पैसा नव्हता. १९०३ मध्ये तो निघाला. म्यूनिकला काही काळ राहिला आणि तेथून चक्क पायी पॅरिसच्या वाटेला लागला. वाटेत पावसात भिजून आजारी पडला, त्यामुळे शेवटचा टप्पा त्याने आगगाडीने गाठला. १९०४ च्या उन्हाळ्यात तो पॅरिसला पोचला. पोटासाठी त्याने भोजनगृहात भांडी घासली. आवाज चांगला होता, म्हणून तेथल्या रुमानियन चर्चमध्ये प्रार्थना म्हणण्याचे कामही केले. १९०५ मध्ये त्याला पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत प्रवेश मिळाला आणि वयाची मर्यादा ओलांडल्यामुळे १९०७ मध्ये ती शाळा सुटलीही.

मोठ्या झाडाची सावली

१९०७ च्या आरंभी त्याला रोदँच्या कार्यशाळेत काम मिळाले. कोणत्याही तरुण शिल्पकाराने देव पावला असे म्हटले असते. पोटापाण्याची सोय, जगातल्या पहिल्या शिल्पकाराचा सहवास, पुढे मोठमोठ्यांच्या ओळखी. ब्रांकूश तेथे काही आठवडेच राहिला आणि स्वतः होऊन बाहेर पडला. रोदँविषयी त्याला आदर होता. पण एवढ्या मोठ्या झाडाखाली राहिलो तर आपले रोप वाढायचे नाही, हे त्याने ओळखले.

वय एकतीस वर्षांचे, परका देश, हाताशी पैसा नाही. अशा वेळी मिळालेली नोकरी सोडायला काय धैर्य लागते, हे आपल्या बेटावरच्या कोणत्याही कुटुंबाला समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी त्याने माती बाजूला सारली, दगडाचा एक छोटा ठोकळा घेतला आणि कोणताही नमुना समोर न ठेवता थेट त्यावर टाकी चालवली. त्या मूर्तीचे नाव ‘चुंबन’. एक स्त्री आणि एक पुरुष एकमेकांना मिठी मारून आहेत. मूर्ती जेमतेम फूटभर उंचीची आहे. पाहणाऱ्याला पहिल्यांदा दिसतो तो दगडाचा ठोकळाच. कोपरे जवळजवळ तसेच आहेत. हात पट्ट्यांसारखे सपाट, केस चार-दोन लाटांच्या रेघांचे, दोघांचे डोळे मिळून जणू एकच डोळा. पृष्ठभाग खरबरीत ठेवला आहे. म्हणजे इतर शिल्पकार जेथून पुढे काम सुरू करीत, त्या ओबडधोबड घडणीच्या टप्प्याजवळच तो थांबला. यापुढे घासले, कोरले, तर दोन माणसांमधला हा एकजीवपणा उरणार नाही, हे त्याला दगडावर काम करता करता दिसले. मातीत काम करून दगड दुसऱ्याच्या हाती दिला असता, तर कोठे थांबायचे हे त्याला कळले नसते.

ती मूर्ती आज क्रायोवाच्या संग्रहालयात आहे, म्हणजे ज्या शहरात तो पोरवयात राबला, त्याच शहरात. याच विषयाची आणखी एक, उभ्या जोडप्याची मूर्ती त्याने १९०९ साली केली. ती पॅरिसच्या मोंपार्नास दफनभूमीत एका रशियन तरुणीच्या थडग्यावर बसवली गेली आणि अजून तेथेच आहे.

थेट दगडात काम करणारा ब्रांकूश एकटाच होता असे नाही. त्या सुमारास पॅरिसमधले आणखीही काही तरुण याच वाटेने जाऊ पाहत होते. पण त्याने ती वाट जन्मभर सोडली नाही. मातीची सोय अशी, की चूक झाली तर बोटाने पुसावी, कमी पडले तर गोळा लावावा. दगडात असे चालत नाही. सकाळी घातलेला एक चुकीचा घाव सहा महिन्यांचे काम वाया घालवतो. ही जोखीम त्याने स्वतःच्या अंगावर घेतली.

अंडे आणि पक्षी

पुढच्या पंधरा वर्षांत त्याचे काम अधिकाधिक साधे होत गेले. १९०९-१० मध्ये त्याने झोपलेल्या स्त्रीचे नुसते मस्तक संगमरवरात केले, आडवे ठेवलेले. पुढे त्यातले केस गेले, नाक पुसट झाले, आणि १९२० च्या सुमारास उरले ते फक्त अंडे. आर्नहेमजवळच्या संग्रहालयातले अंडे याच वाटेने आलेले आहे. दुसरीकडे रुमानियाच्या लोककथांतल्या जादूच्या पक्ष्यापासून निघून १९२३ मध्ये तो ‘अवकाशातील पक्षी’ या आकाराशी आला. त्याला पंख नाहीत, चोच नाही. खाली बारीक पाय, वर जाताना हलकेच फुगणारे अंग आणि टोकाला तिरपा छेद. उडण्याची नुसती झेप.

या पक्ष्याने अमेरिकेत खटला घडवला. १९२६ साली ब्राँझचा एक पक्षी न्यूयॉर्क बंदरात उतरला. कलाकृतीवर जकात नव्हती. पण जकात अधिकाऱ्यांना ही कलाकृती वाटेना. त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या आणि दवाखान्याच्या धातूच्या सामानात बसवून शेकडा ४० जकात आकारली. प्रकरण न्यायालयात गेले. पक्ष्यासारखा न दिसणाऱ्या वस्तूला पक्षी म्हणता येईल काय, हा एक प्रश्न होता. दुसरा प्रश्न असा, की ही वस्तू शिल्पकाराने स्वतः घडवलेली मूळ कृती आहे काय. मूर्तीच्या कामात आपला हात कोठे कोठे होता हे ब्रांकूशला शपथेवर सांगावे लागले. ओतीव ब्राँझवरचे घासकामही तो दुसऱ्याला देत नसे, हे तेथे उपयोगी पडले. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला.

पॅरिसच्या रोंसँ गल्लीतली त्याची कार्यशाळा पाहायला जगभरचे लोक येत. पांढऱ्या भिंती, दगडाचे ठोकळे, जुन्या घरांच्या तुळया, स्वतः बांधलेली भट्टी आणि त्याच भट्टीवर पाहुण्यांसाठी स्वतः रांधलेले जेवण. टेबल, स्टूल, हत्यारे, सारे त्याच्या हातचे. १९२७ मध्ये इसामू नोगुची हा पुढे फार नाव मिळवलेला तरुण शिल्पकार काही महिने त्याच्या हाताखाली होता. ब्रांकूशने त्याला मूर्तीकडे फिरकू दिले नाही. आधी चुनखडकाचे ठोकळे चौरस करायला आणि त्यांच्या बाजू सपाट करायला लावले. जो ठोकळा नीट करू शकत नाही त्याने पक्ष्याला हात लावू नये, असा त्या घरातला शिरस्ता होता.

इंदूरचे महाराज

आता मराठी राजाची गोष्ट. नीरेकाठच्या होळ गावावरून ज्यांना होळकर नाव पडले, त्या घराण्यातले यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८ चा. १९२६ साली ते इंदूरच्या गादीवर आले आणि १९३० मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. शिक्षण इंग्लंडमध्ये झालेले. पत्नी महाराणी संयोगिताबाई या कागलच्या घाटगे घराण्यातल्या. या तरुण जोडप्याला नव्या कलेची मनापासून आवड होती. मुथेसिउस नावाच्या तरुण जर्मन वास्तुकाराकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग नावाचा अगदी नव्या धर्तीचा राजवाडा बांधून घेतला. आंरी-प्येर रोशे या फ्रेंच लेखकाच्या ओळखीने ते ब्रांकूशच्या कार्यशाळेत गेले. त्यांनी ब्राँझचा एक पक्षी घेतला आणि आणखी दोन सांगितले, एक पांढऱ्या संगमरवराचा आणि एक काळ्या.

ब्राँझचा पक्षी ओतता येतो. दगडाचा पक्षी ठोकळ्यातून बाहेर काढावा लागतो, आणि येथे ओबडधोबड घडणीची खरी परीक्षा होती. दगड भार सोसतो, पण वाकवणारा धक्का त्याला सोसत नाही. उंच, निमुळत्या आकारात प्रत्येक घावाचा हादरा नेमका बारीक पायाशी जाऊन जमतो. तेथे एखादी नजरेतून सुटलेली चीर असली की दोन तुकडे. दगड लवकर काढावा तर मोडण्याची भीती, उशिरा काढावा तर घासण्याला अंत नाही. शिवाय काळ्या संगमरवरात आतला दुखावलेला कण झिलईनंतर ताऱ्यासारखा चमकून उठतो, म्हणजे पांढऱ्यात कदाचित खपणारी चूक काळ्यात खपत नाही. हे दोन पक्षी १९३१ ते १९३६ या काळातले समजले जातात. त्या दोन दगडांत या माणसाच्या उतारवयाची किती वर्षे गेली असतील ते यावरून समजावे. १९३६ मध्ये तो साठीचा होता.

या तीन पक्ष्यांसाठी इंदूरला एक मंदिर बांधायचे ठरत होते. खिडक्या नसलेली लहानशी वास्तू, भुयारातून आत जाण्याची वाट, मध्ये पाण्याचे कुंड, वरून उतरणारा प्रकाश आणि एकट्याने बसून चिंतन करण्याची जागा, अशी ती कल्पना होती. अहिल्याबाईंनी काशीविश्वनाथाचे आणि वेरूळच्या घृष्णेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. त्यांच्याच घराण्यातल्या राजाने परदेशी पाथरवटाकडून मंदिर करून घ्यावे, यात आम्हाला काही विसंगत वाटत नाही.

पण १९३७ साली संयोगिताबाई युरोपात वारल्या. त्यांचे वय फार लहान होते. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, १९३८ च्या आरंभी, ब्रांकूश मंदिराच्या कामासाठी इंदूरला आला. काही आठवडे राहिला. काम पुढे सरकले नाही आणि तो तसाच परतला. मंदिराचा एक दगडही बसला नाही. मग महायुद्ध आले, आणि १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. यशवंतराव १९६१ साली वारले. ज्या पक्ष्यांसाठी देऊळ व्हायचे होते ते जगभर पांगले. काळा आणि पांढरा ही जोडी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहाने घेतली, ती कॅनबेराला आहे. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात पॅसडीना येथे आहे. इंदूरला एकही राहिला नाही.

गावाकडे परत

एक देऊळ राहिले, पण त्याच वर्षी दुसरे काम पुरे झाले. पहिल्या महायुद्धात जिऊ नदीच्या काठी मेलेल्या रुमानियन सैनिकांचे स्मारक करण्याची विनंती त्याला तिकडच्या स्त्रियांच्या मंडळाने केली होती. जागा होती तिर्गू जिऊ, म्हणजे त्याच्या होबित्सा गावाजवळचेच शहर. त्याने कामाचे पैसे घेतले नाहीत. नदीकाठी दगडाचे एक गोल मेज आणि त्याभोवती बारा आसने, बागेच्या वाटेवर ‘चुंबना’च्याच खुणा कोरलेली दगडी कमान, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला २९ मीटरांहून उंच, ओतीव लोखंडाचा ‘अनंत स्तंभ’. ऑक्टोबर १९३८ मध्ये स्मारकाचे उद्घाटन झाले.

एवढ्या मोठ्या कामात त्याला मदत घ्यावी लागली, हे आम्ही लपवत नाही. स्तंभ अभियंत्यांनी आणि ओतारींनी उभा केला, कमानीचा दगड स्थानिक पाथरवटांनी घडवला. मात्र स्तंभाच्या मणक्याचा लाकडी नमुना त्याने स्वतः कोरून दिला, आणि कमानीपाशी पाथरवटांच्या बरोबरीने तो उभा राहिला. पहिला घाव आपला असावा हा त्याचा आग्रह होता. दुसऱ्याच्या घावांची त्याला लाज नव्हती. २०२४ साली युनेस्कोने हे स्मारक जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

महायुद्धानंतर ब्रांकूशने नवे काम फारसे केले नाही. तो कार्यशाळेतच राहिला, जुन्या मूर्ती इकडच्या तिकडे हलवीत, त्यांवरची धूळ झटकीत. १९५२ मध्ये तो फ्रान्सचा नागरिक झाला. १९५६ मध्ये त्याने मृत्युपत्र करून आपली सारी कार्यशाळा, ठोकळे आणि हत्यारांसकट, फ्रेंच सरकारला दिली. अट एवढीच, की ती जशी आहे तशी पुन्हा मांडावी. १६ मार्च १९५७ रोजी तो वारला. मोंपार्नासच्या त्याच दफनभूमीत तो विसावला आहे, जेथे त्याच्या हातचे ते दगडी जोडपे उभे आहे.

वाचकहो, आपल्या उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग आपण रोज पाहतो. आपले पणजोबा-खापरपणजोबा मुंबई बंदरातून येथे आले, तेव्हा ती जमीन दगडांनी भरलेली होती. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या हजारोंनी ते दगड हातांनी उचलून बाजूला रचले, तेव्हा कोठे ऊस उभा राहिला. साखरेच्या पोत्यावर त्यांचे नाव कधी आले नाही. ओबडधोबड घडण करणाऱ्यांचे नाव मूर्तीवर येत नाही, तसेच हे. ब्रांकूशने आयुष्यभर तेच काम स्वतःच्या हातात ठेवले आणि ते बिननावाचे राहू दिले नाही, एवढ्यासाठी तरी त्याची आठवण आपण ठेवावी.

आपली मुले-नातवंडे शिक्षणासाठी युरोपात जातात. त्यांपैकी कोणी हॉलंडला गेले, तर त्यांना आर्नहेमवरून ओटर्लोला जायला सांगावे. तेथे ते अंडे आहे. त्याच्या झिलईत पाहणाऱ्याला आपलाच चेहरा दिसतो. तो पाहून झाला की क्षणभर त्या आधीच्या ठोकळ्याची आणि त्यावर पडलेल्या पहिल्या घावाचीही आठवण करावी.